मोकाट रात्रीला वाट करून देणारे गाव: अनोकाच्या हॅलोवीनचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात, मिनियापोलिसपासून वायव्येला तीसेक किलोमीटरवर अनोका आहे. रम नदी इथेच मिसिसिपीला मिळते. लाकूड आणि पीठ या दोन धंद्यांवर गाव वाढले, जिल्ह्याचे ठिकाण झाले. १९२० च्या सुमारास तिथली वस्ती चार हजारांच्या थोडी वर होती. बाजारपेठ, शाळा, पूल, आणि परसात एखाद-दुसरी गाय बांधलेली घरे. आज हे गाव स्वतःला ‘जगाची हॅलोवीन राजधानी’ म्हणवते. मला मात्र त्या बिरुदापेक्षा त्यामागची गोष्ट मोलाची वाटते. ३१ ऑक्टोबरच्या, म्हणजे हॅलोवीनच्या ज्या रात्रीची गावाला धास्ती वाटत होती, ती रात्र गावाने एका वर्षात हाती घेतली आणि शंभर वर्षांनंतरही सोडलेली नाही. सार्वजनिक उत्सव चालवणाऱ्या कुणालाही यातले निर्णय ओळखीचे वाटतील.

खोड्या करणारी मुले आणि नुकसान सोसलेली घरे यांची नावे इथे घेतलेली नाहीत. गाव आणि पुढाकार घेणारा माणूस यांची नावे सार्वजनिक नोंदीतली आहेत, म्हणून ती ठेवली आहेत.

३१ ऑक्टोबरची ही रात्र अमेरिकेत रुजवली ती मुख्यतः आयर्लंड आणि स्कॉटलंडहून आलेल्या लोकांनी. तिकडे सलगम कोरून आत दिवा ठेवायचे. अमेरिकेत भोपळा मुबलक, म्हणून भोपळा आला. भुताखेतांच्या गोष्टी, भविष्य पाहण्याचे खेळ आणि खोड्या, असा सगळा ऐवज. आज हॅलोवीन म्हटले की घरोघरी फिरून गोळ्या-चॉकलेटे मागणारी मुले डोळ्यांसमोर येतात. ती रीत अमेरिकाभर पसरली ती दुसऱ्या महायुद्धानंतर, साखरेचे रेशनिंग १९४७ मध्ये संपल्यावर. हे ध्यानात ठेवले नाही तर अनोकाचा निर्णय नीट कळत नाही. १९२० च्या आधीच्या त्या रात्री बहुतेक गावांत मुलांसाठी मोठ्यांनी फारसे काही आखलेले नसे. रात्र होती, मुखवटा होता, आणि पुढचे ज्याचे त्याने ठरवायचे होते.

अडचण

हॅलोवीनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अनोकाच्या मेन स्ट्रीटवर गाई हिंडताना दिसायच्या. रात्री कुणीतरी गोठ्यांची दारे उघडलेली असायची. दुकानांच्या काचा साबणाने बरबटलेल्या, घरामागचे संडास उलथलेले. गाडी सोडवून, चाके काढून, छपरावर नेऊन पुन्हा जोडून ठेवणे हा त्या काळच्या ग्रामीण अमेरिकेतला आवडता उद्योग होता. फाटके पळवणे तर इतके सर्रास, की काही भागांत त्या रात्रीला ‘फाटकांची रात्र’ असेच नाव पडले होते.

यातली एकेक खोडी जवळून पाहिली पाहिजे, नाहीतर ‘पोरे आहेत, करणारच’ एवढ्यावर विषय मिटतो. काचेवर घासलेला साबण वाळला की पांढरे पट्टे उमटतात. पाण्याने निघतात खरे, पण आधी ते काचभर पसरतात आणि दुकानदाराची सकाळ त्यातच जाते. मुलांनी साबणाऐवजी मेण वापरले तर पाणी चालत नाही, पात्याने खरवडावे लागते. संडास उलथणे तर ऐकायला नुसते गमतीचे. खाली उघडा खड्डा आणि वर अंधार. काही घरमालक त्या रात्री मुद्दाम संडास दोन हात मागे सरकवून ठेवायचे, म्हणजे ढकलायला आलेला पोरगा थेट खड्ड्यात. असे किस्से अमेरिकेच्या खेड्यापाड्यांत आजही सांगतात. खोडी आणि सूड यांची अशी साखळी सुरू झाली की एखादा हात-पाय मोडणे फार दूर नसते. आणि गाय म्हणजे सकाळच्या दुधाची वेळ चुकवता न येणारे जनावर. ती बाजारात शोधायची, कुणाची कोणती ते ओळखायचे, घरी आणायची, तोवर तिची कास तटतटलेली.

आणखी एक बदल होत होता. जुन्या खेड्यात खोडी करणारा आणि सोसणारा एकमेकांचे शेजारी. कुणी केले हे सगळ्यांना ठाऊक, नि दुसऱ्या दिवशी बापाचा धपाटा ठरलेला. गाव वाढले, अनोळखी घरे वाढली, की हा आतला लगाम सुटतो. खोडी तीच, पण आता ती नुकसान म्हणून मोजली जाते. अमेरिकेतल्या कितीतरी गावांत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेच घडत होते. १९३० च्या दशकात तर शहरांमधून दिवे फोडणे, मोटारी उलथवणे इथपर्यंत मजल गेली.

आपल्याकडे ज्यांनी शिमगा पाहिला आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. होळीसाठी रात्री लाकडे, गोवऱ्या, कुणाच्या कुंपणाचा दांडा पळवणारी पोरे आणि दुसऱ्या दिवशी शिव्या घालणारा म्हातारा, हे चित्र कोकणातच नव्हे, देशावरही होते. फरक इतकाच की शिमग्यात चोरलेले लाकूड शेवटी गावाच्याच होळीत जाते. अनोकाच्या पोरांच्या खोडीला अशी पोहोचायची जागाच नव्हती.

समोरचे मार्ग

पहिला मार्ग बंदोबस्ताचा. चार हजार वस्तीच्या गावात पोलीस किती असणार? एका रात्रीत सगळ्या गल्ल्या, सगळी परसे राखणे अशक्य. शिवाय पोलीस मागे लागला की खोडीची रंगत वाढते, हे पोरे असलेल्या कुठल्याही घराला माहीत आहे. रात्रच रद्द करण्याचा प्रयत्न पुढे १९४२ मध्ये शिकागोच्या नगर परिषदेने करून पाहिला. हॅलोवीन बंद, त्या जागी ‘बचत दिवस’, असा ठराव झाला. युद्धाचा काळ असूनही तो दिवस रुजला नाही. ठराव करून सण जात नाही.

दुसरा मार्ग शाळेतून आणि घरातून समज देण्याचा. तो सगळीकडे चालूच असतो, आणि त्याचा उपयोगही तेवढाच असतो.

तिसरा मार्ग कॅन्ससमधल्या हायावाथा या त्याहून लहान गावात एका बाईने आधीच चोखाळला होता, आणि तो मुद्दाम सांगण्यासारखा आहे. एलिझाबेथ क्रेब्स यांची बाग दर हॅलोवीनला तुडवली जायची. १९१३ मध्ये त्यांनी पदरमोड करून गावातल्या मुलांसाठी मेजवानी ठेवली. हिशेब साधा होता. पोरे खेळून, खाऊन दमतील आणि घरी जाऊन झोपतील. पोरे जेवली, खेळली, आणि उरलेल्या दमात बाहेर पडून पुन्हा धुमाकूळ घालून आली. पुढच्या वर्षी बाईंनी मुलांपुरते न पाहता सगळे गाव रस्त्यावर आणले. बँड, वेषभूषेची स्पर्धा, मिरवणूक. या वेळी जमले. हायावाथाची ती जत्रा आजही भरते.

माझ्या मते या संपूर्ण विषयातला सर्वांत शिकवणारा प्रसंग हाच. पहिल्या वर्षी मुलांना काहीतरी दिले गेले. दुसऱ्या वर्षी गाव त्यांच्यासोबत बाहेर आले. खाऊ दोन्हीकडे होता. बदलले ते हे की खोडीच्या वेळी रस्ता रिकामा राहिला नाही.

अनोकाने निवडला तो चौथा मार्ग, म्हणजे हायावाथाच्या दुसऱ्या वर्षाचा. सुरुवातीपासून गावाचा उत्सव, गावाच्या मुख्य रस्त्यावर.

काय केले

१९१९ च्या हॅलोवीननंतर जॉर्ज ग्रीन या गावातल्या वजनदार गृहस्थांनी ही कल्पना मांडली. ती कुठे मांडली हे बघण्यासारखे आहे. ते नगरपालिकेकडे नियम करा म्हणून गेले नाहीत. कमर्शियल क्लब ही व्यापाऱ्यांची संस्था आणि किवानिस क्लब ही सेवाभावी संस्था, या दोघींनी १९२० चा उत्सव उचलून धरला. ज्यांच्या काचा बरबटत होत्या तेच यजमान झाले. हा पहिला निर्णय, आणि मला तो सर्वांत चांगला वाटतो. नुकसान सोसणाऱ्याला तक्रारदाराच्या खुर्चीतून उठवून यजमानाच्या पाटावर बसवणे सोपे नसते. त्याला आधी राग गिळावा लागतो.

दुसरा निर्णय समितीचा. त्या रात्रीपुरती कुणाकुणाला हाक मारण्याऐवजी हॅलोवीन समिती नेमली गेली आणि काही आठवडे आधी तयारी सुरू झाली. व्यापारी, शिक्षक, पालक, विद्यार्थी सगळे कामाला लागले. आठवडाभर मिरवणुकीच्या पोषाखाची तयारी चाललेल्या घरात मुलाच्या डोक्यात गोठ्याचे दार येत नाही असे नाही. पण त्याच्या जोडीला दुसरेही काहीतरी येते.

तिसरा निर्णय मिरवणुकीचा. पोषाख घातलेली मुले, बँड, सगळे मेन स्ट्रीटवरून. हजाराहून अधिक मुलांना लाह्या, शेंगदाणे आणि गोळ्या वाटल्या गेल्या. चार हजारांच्या गावात हजार मुले म्हणजे जवळपास शाळेत जाणारे प्रत्येक पोर तिथे. आणि पोर तिथे म्हणजे आई-बाप, आजी, धाकटे भावंड कडेवर. त्या रात्री परसातल्या अंधारात कुणी कुणाला शोधायचे? सगळे तर बाजारात.

चौथा निर्णय ब्रिज स्क्वेअरमधल्या मोठ्या शेकोटीचा, आणि इथे मी जरा थांबतो. १८८४ मध्ये याच गावाच्या बाजारपेठेचा मोठा भाग आगीत जळाला होता. ज्यांनी ती आग लहानपणी पाहिली ते १९२० मध्ये गावाचे कर्ते होते. तरीही भर चौकात आग पेटवायला गाव तयार झाले. मला यात त्यांची समज दिसते. लाह्या आणि गोळ्या आठ-दहा वर्षांच्या पोराला पुरतात. संडास उलथायला मात्र सोळा वर्षांचे बाहू लागतात, आणि सोळा वर्षांच्या मुलाला पुडीतल्या शेंगदाण्यांचे काय कौतुक! त्याला काहीतरी मोठे, थोडे धोक्याचे, रात्रीचे हवे असते. शेकोटी ते देते, आणि तेही सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.

निष्पत्ती

दुसऱ्या दिवशी सकाळी मेन स्ट्रीटवर गाई नव्हत्या, काचांवर साबण नव्हता. अनोका ही गोष्ट अशीच सांगत आले आहे, आणि पुढच्या वर्षी उत्सव पुन्हा झाला हा त्याचा पुरावा. पैसे आणि कष्ट वाया गेल्यासारखे वाटले असते तर व्यापाऱ्यांनी दुसऱ्यांदा हात पुढे केला नसता.

पुढची दोन दशके उत्सव वाढत गेला, बाहेरगावचे लोक येऊ लागले. १९३७ मध्ये गावातला बारा वर्षांचा एक मुलगा, वर्तमानपत्रे टाकणाऱ्या मुलांच्या सहलीबरोबर वॉशिंग्टनला गेला तो अनोकाला ‘जगाची हॅलोवीन राजधानी’ ठरवणारा जाहीरनामा घेऊन. ज्या वयाच्या पोरांची वीस वर्षांपूर्वी गावाला भीती होती, त्याच वयाचा पोरगा गावाचा दूत झाला. याहून चांगली पावती समितीला मिळाली नसती.

१९४२ आणि १९४३ मध्ये महायुद्धामुळे उत्सव झाला नाही. मग पुन्हा सुरू झाला. दोन वर्षांच्या खंडानंतर सार्वजनिक कार्यक्रम उभा राहणे म्हणजे त्याची मुळे समितीच्या पलीकडे, घराघरांत गेलेली असणे. आज गावाची वस्ती अठरा हजारांच्या जवळ आहे, आणि उत्सव जवळजवळ ऑक्टोबरभर चालतो. एकाऐवजी अनेक मिरवणुका निघतात. रात्रीची दिव्यांची वेगळी, शाळकरी मुलांची वेगळी आणि शनिवारची सर्वांत मोठी वेगळी. धावण्याची शर्यतही असते.

निष्पत्तीत आणखी एक गोष्ट आहे. ती १९२० मध्ये कुणाच्या मनातही नसावी. अमेरिकेतल्या १९७५ ते २०१६ या काळातल्या अपघातांचा एक अभ्यास नंतर प्रसिद्ध झाला. त्यात आढळले की हॅलोवीनच्या संध्याकाळी पादचाऱ्यांच्या मृत्यूचा धोका आसपासच्या संध्याकाळांपेक्षा ४३ टक्क्यांनी जास्त असतो, आणि चार ते आठ वर्षांच्या मुलांसाठी तो जवळपास दहापट. काळे कपडे, मुखवट्यामुळे अरुंद झालेली नजर, लवकर पडणारा अंधार आणि वाहता रस्ता. मिरवणुकीसाठी रस्ता बंद केला की तेवढा वेळ या सगळ्यातला शेवटचा घटक निघून जातो. जो मार्ग काचा वाचवण्यासाठी काढला होता तो आता पोरे वाचवतो. एखाद्या गावाने आज असा उत्सव नव्याने सुरू करायचा म्हटले तर माझ्या दृष्टीने हेच पहिले कारण असावे.

निर्णयाचे क्षण, आणि काय वेगळे करता येईल

मुलांना खाऊ दिला म्हणून खोड्या थांबल्या, असा अर्थ अनोकाच्या गोष्टीतून सहज निघतो. हायावाथाचे १९१३ साल समोर असताना तो मला पटत नाही. खोड्या थांबल्या कारण गाव जागे होते आणि बाहेर होते. हा फरक पुस्तकी नाही, खर्चाचा आहे. खाऊ हे उत्तर मानले तर समिती पैसे गोळ्यांवर घालते. माणसे हे उत्तर मानले तर ती वेळ कार्यकर्ते जमवण्यात, रस्त्यावर बसायला जागा करण्यात, आजी-आजोबांना घरातून आणण्यात घालते. गोळ्या कमी पडल्या तर पोरे कुरकुरतात. माणसे कमी पडली तर रस्ता रिकामा होतो.

मोठ्या मुलांचे काय, हा प्रश्न मात्र मला अजून पुरता सुटलेला वाटत नाही. पोषाखाची मिरवणूक लहानांची असते. तेरा ते सतरा या वयाला पाहुणा म्हणून बोलावले की ते येत नाहीत. आले तरी कडेला उभे राहून हसतात. त्यांना काम द्यायला हवे, आणि कामही खरे. शेकोटीची लाकडे रचणे, रस्त्याच्या तोंडाशी अडथळे लावणे, लहानांच्या रांगा सांभाळणे, भीतीघर उभारणे. मी समितीवर असतो तर पहिल्या बैठकीलाच त्यांच्यातले दोघे-तिघे बसवले असते. गेल्या वर्षी गाई कुणी सोडल्या हे न विचारता.

हवामानाची गोष्ट मिनेसोटात टाळता येत नाही. १९९१ मध्ये ३१ ऑक्टोबरला सुरू झालेल्या हिमवादळात मिनियापोलिसला चार दिवसांत २८.४ इंच बर्फ पडले. तिथल्या आया आजही मुलांचे पोषाख एक माप मोठे शिवतात किंवा घेतात, आत जाड कोट मावला पाहिजे म्हणून. उत्सव एकाच रात्रीवर टांगून ठेवला तर एक वादळ सगळे वर्ष घेऊन जाते. अनोकाने तो महिनाभर पसरवला, आणि त्यात हा शहाणपणाही आहे.

पण त्याचीच दुसरी बाजू मला खटकते. मोठी मिरवणूक शनिवारी दुपारी काढणे कामावर जाणाऱ्या पालकांसाठी, बाहेरून येणाऱ्यांसाठी, पोलिसांसाठी सोयीचे. मात्र मूळ अडचण शनिवारच्या दुपारची कधीच नव्हती. ती ३१ तारखेच्या अंधाराची होती, आणि आजही अपघाताचा धोका त्याच संध्याकाळी असतो. मिरवणूक सोयीच्या दिवशी हलली की ती देखणी होते, मोठी होते, आणि राखणीचे काम मात्र तिच्या हातून सुटते. ज्या गावांनी अनोकाचे पाहून आपला उत्सव शनिवारवर नेला त्यांनी ३१ च्या संध्याकाळी निदान दोन-तीन गल्ल्या साडेपाच ते साडेआठ गाड्यांसाठी बंद ठेवाव्यात, तोंडाशी कार्यकर्ते उभे करावेत, आणि मोठ्यांनी दाराआड वाट न पाहता अंगणात खुर्च्या टाकून बसावे. याला बँड लागत नाही की मोठी वर्गणी. पालिकेची परवानगी, चार अडथळे आणि शेजाऱ्यांशी आधी केलेले बोलणे पुरते.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांना यात हात घालायला चांगली जागा आहे. २०२४ मध्ये दिवाळी आणि हॅलोवीन एकाच दिवशी आले, आणि एकाच ओट्यावर कोरलेला भोपळा, आकाशकंदील आणि रांगोळी असे दृश्य कितीतरी घरांनी पाहिले. ती घरे त्या संध्याकाळी बाहेर होती, दिवे लावलेले होते, दार उघडे होते. गल्ली बंद ठेवण्याचा अर्ज घेऊन शेजाऱ्यांच्या दारी जायला याहून बरी ओळख कोणती लागते? मंडळाच्या वर्गणीला घरोघरी फिरलेल्या माणसाला हे काम नवीन नाही. अर्ज मात्र ऑगस्टमध्येच द्यावा, म्हणजे ऑक्टोबर उजाडेपर्यंत परवानगी हातात असते आणि नाही म्हणणाऱ्या एखाद्या शेजाऱ्याशी निवांत बोलायला वेळ मिळतो.